बिनआवाजाचा पट्टा

“आवाज येतोय का काही? नाही ना? हीच तर याची गंमत आहे!” कंपनीच्या माणसाने यंत्र बंद करवलं आणि सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू पट्ट्याला गप्प बसायला त्यानेच शिकवलं होतं.

आवारात दोन यंत्रं, धान्याच्या खड्ड्यात खालचं टोक सोडून, शेजारी शेजारी उभी होती. एक लोखंडी नळीचं, ज्याच्या पोटात लांबलचक स्क्रू फिरतो आणि धान्य वर ढकलतो. दुसरं हे रबरी पट्ट्याचं. खड्ड्यात ओतलेला गहू उचलून पत्र्याच्या उंच कोठीत टाकायचा, एवढंच दोघांचं काम. जुनं स्क्रूचं यंत्र मोडीत निघालं होतं. आज या दोहोंतलं एक ठेवून घ्यायचं आणि दुसरं परत पाठवायचं होतं.

धाकट्या भावाचं मन पट्ट्यावर बसलं होतं. तो त्यावर वाकून रबर चाचपत म्हणाला, “दादा, आपला गहू बियाण्याचा. स्क्रू दाणे फोडतो. मागच्या हंगामात फुटके दाणे निघाले म्हणून माल परत आला, विसरलास का?”

थोरल्याने मान डोलावली. ती बघून शेजारी उभी असलेली वहिनी सावध झाली. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं नाही आणि शब्द हुकले की तिचा नवरा अशी मान डोलावतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

थोरल्याचे कान गेले होते. ही गोष्ट घरात दोघांनाच माहीत होती आणि त्यातल्या एकाला ती कबूल नव्हती. एका दिवसात गेले नव्हते, हंगामामागून हंगाम झिजत गेले. जुन्या स्क्रूच्या खडखडाटाशेजारी त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. आता समोरच्याचे ओठ बघून तो वेळ मारून न्यायचा, आणि अडलं की वहिनी त्याच्या बाहीला हात लावून तेच वाक्य पुन्हा म्हणायची. लोक म्हणत, काय नवरा-बायकोचं गूळपीठ आहे! ती हसून सोडून द्यायची. मनात मात्र धास्ती कायमची मुक्कामाला होती.

कारण यंत्राचं बटण कोठीच्या भिंतीपलीकडे होतं आणि तिथून खड्डा दिसत नसे. म्हणून सासऱ्यांनी एक पद्धत घालून दिली होती. बटणावरच्या माणसाने पान्याने यंत्रावर तीन ठोके द्यायचे, खड्ड्यातल्याने दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं, मगच यंत्र सुरू करायचं. थोरला खड्ड्यात उतरला की त्याचा एक हात सदा नळीवर असायचा. नळी थरथरली की त्याला ठोके कळत. धाकटा कौतुकाने म्हणायचा, “दादाचा जीवच आहे त्या नळीवर.” जीवच होता, अगदी खरोखरचा. ज्या नळीने त्याचे कान खाल्ले, तीच त्याला सांभाळत होती.

पट्ट्याला नळी नव्हती.

“अहो,” ती त्याच्यासमोर जाऊन हळूच म्हणाली, “स्क्रूच घेऊ या ना. हाताच्या सवयीचा आहे.”

“सवय काय, पट्ट्याचीही होईल.”

“पण खाली असताना तुम्हाला कळायचं कसं?”

त्याचा चेहरा दगडासारखा झाला. “काय कळायचं? मला सगळं कळतं. तू जा, चहाचं बघ.”

ती गेली नाही. कोठीच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. तिथून दोन्ही बाजू दिसत.

“एकदा आपल्या गव्हावर चालवून बघू,” धाकटा म्हणाला आणि भिंतीआड गेला. कंपनीचा माणूस मोबाइल कानाला लावून दूर झाला. थोरला नेहमीप्रमाणे खड्ड्यात उतरला. पट्ट्याच्या खालच्या रोलरला ओला भुसा चिकटला होता. तो खुरप्याने खरवडायचा आणि फडक्याने पुसून घ्यायचा. आवारात पानही हलत नव्हतं. वहिनीला उगाचच वाटलं, याला आत्ताच्या आत्ता वर बोलवावं. पण सांगायचं काय?

भिंतीआडून तीन ठोके पडले. थोरला खरवडतच राहिला. मग खुरप्यावरचा भुसा झटकायला त्याने ते पट्ट्याच्या चौकटीवर आपटलं. एकदा. दोनदा.

भिंतीआडच्या माणसाला उत्तर मिळालं होतं.

“भाऊजी, थांबा! बंद करा!”

पट्टा केव्हाच सुरू झाला होता. रोलरने थोरल्याच्या हातातलं फडकं हिसकलं, त्यासरशी तो मागे कोलमडला. पट्टा थांबला तेव्हा फडकं निम्म्या उंचीवर जाऊन लोंबत होतं.

धाकटा धावत आला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. “दोन ठोके आले की, वहिनी! माझ्या कानांनी ऐकले मी.”

“ते उत्तर नव्हतं, खुरपं झटकत होते ते.” तिला आता कशाचीच तमा उरली नव्हती. “तुमचे ठोके त्यांना ऐकूच आले नाहीत. त्यांना ऐकू येत नाही, भाऊजी. कधीपासून येत नाही. नळीवर हात ठेवून दिवस काढले त्यांनी.”

थोरला वर आला होता. त्याची नजर तिच्या ओठांवर होती आणि एकही शब्द सुटला नव्हता. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, यापेक्षा दोन मुस्कटात मारल्या असत्या तर परवडलं असतं. मग तो मोठ्याने हसला.

“हिचं काहीतरीच! ठोके ऐकले मी. म्हटलं, आधी भुसा काढून घेऊ. हिला यंत्राची भीती, दुसरं काय?”

“दादा, खरं सांग,” धाकट्याने समोर येऊन विचारलं. “ऐकू येतं ना तुला?”

“न यायला काय झालंय? हा काय, बोलतोय की तुझ्याशी.”

धाकट्याच्या जिवात जीव आला. वहिनीकडे त्याने थोडं रागानेच पाहिलं. ती नुसती मान हलवत होती, नाही, नाही. तो घुटमळला.

थोरला तोवर कंपनीच्या माणसाकडे वळला होता. “पट्टाच द्या. आजच बसवून जा. आणि ही चौकट जरा उचलून घ्या, खाली भुसा अडकतो.” त्याचा सूर मालकाचा होता. कामाचं बोलताना त्याला नेहमीच उभारी यायची.

धाकटा त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

“दादा,” तो म्हणाला.

थोरला रोलरकडे बोट दाखवून समजावत होता.

“दादा!”

कंपनीचा माणूस आपल्या बुटांकडे पाहू लागला.

“अरे दादा!” या वेळची हाक कोठीच्या पत्र्यावर आदळून परत आली आणि धाकट्याचा आवाज मध्येच फुटला.

थोरला बोलतच होता, हसतमुखाने, चौकट किती उचलायची ते हाताने दाखवत. बोलता बोलता त्याची नजर वहिनीवर गेली आणि तो थांबला.

“काय झालं?” त्याने विचारलं. “रडतेस कशाला? ठरलं ना आता सगळं.”