दोन डाव्या बाह्या

मित्रांनो, मला डोके नाही, हात नाहीत आणि पायांच्या जागी लाकडाचा एकच दांडा आहे. तरीही मला थोडे सांगायचे आहे. मी शिवणाच्या दुकानातला एक जुना पुतळा आहे. कपडा अंगावर कसा बसेल हे पाहण्यासाठी तो आधी माझ्यावर चढवतात. भिंतींना कान असतात असे तुम्ही माणसेच म्हणता. तेव्हा माझ्या कानांविषयी तुम्ही शंका घेणार नाही, असे मी धरून चालतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोटात कापूस ठासणारा कारागीर खोलीत एकटाच असे, पण गप्प कधीच नसे. "अजून थोडा... बास. आता खांदा. अरे, हा का पडला? उचल, उचल." मी ऐकलेले पहिले शब्द असे होते, कोणालाच न उद्देशलेले. त्यामुळे माझी समजूत झाली, की हात कामात रमले की माणसाचे तोंडही त्यांच्या सोबतीला येते. ही समजूत पुढे किती जणांच्या उपयोगी पडली असती! पण पुतळ्याला विचारतो कोण?

मला विकत घेतले एका शिंपी जोडप्याने. नवरा शिलाईचे यंत्र चालवी आणि बायको कापड बेतत असे. गिऱ्हाइके तिला मावशी म्हणत. मावशी मोठ्या टेबलावर कापड पसरे, हातात खडू घेई आणि हलक्या आवाजात तिचे सुरू होई. "हा मुंढा, बाही जोडायची गोलाई. शिवणीला जागा सोड. सोडलीस? बरं. ही झाली डावी बाही. आता कापड उलटव. आधी उलटव गं बाई, मग खडू धर. हं, आता उजवी." रेघ चुकली तर ती म्हणे, "वा, शहाणे! डोकं कुठे गहाण टाकलंस?" हे वाक्य मला फार लागे. बिनडोक्या मीच तर होतो.

कितीतरी वर्षे मी असे मानत आलो, की ती माझ्याशीच बोलते. मी तिच्या समोरच उभा असे ना! पण ती माझ्याकडे कधी पाहत नव्हती. ती स्वतःलाच रागवत होती आणि स्वतःलाच शाबासकी देत होती. हे कळले त्या दिवशी मला जरा पोरके वाटले. मग त्याचीही सवय झाली. एखाद्याचे मनातले बोलणे ऐकायला मिळावे, हेही काही थोडे नाही.

ते दिवस सुखाचे होते. माझ्या अंगावर नवा झगा चढला की रस्त्याने जाणारे काचेपाशी थबकत. कौतुक झग्याचे होई. मी आपला खांदे ताठ ठेवी.

पुढे मावशीचा नवरा आजारी पडला. शेवटच्या महिन्यांत तो खोलीत नसलेल्या माणसांशी भांडे, त्यांना घाबरून अंगावर पांघरूण ओढून घेई, घरच्यांनाही ओळखत नसे. त्यांच्या मुलाने ते सारे डोळ्यांनी पाहिले. बाप गेल्यावर आईला एकटे कसे ठेवायचे, म्हणून तो परत येऊन तिच्याजवळ राहिला. तो घरांचे नकाशे काढतो. त्याने दुकानामागच्या खोलीत आपले टेबल मांडले.

एका दुपारी तो चहाचे कप घेऊन दुकानात आला आणि दारातच थांबला. मावशी पाठमोरी होती. "नाही, नाही, असं नाही. तुला कितीदा सांगितलं?" असे ती म्हणत होती. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी म्हणजे? कोणाशीच नाही."

"त्या पुतळ्याशी?"

"अरे, कापताना बोलते मी. पहिल्यापासूनच. बाबांच्या यंत्राच्या खडखडाटात तुला कधी ऐकू आलं नसेल."

मुलगा हातातले कप ठेवून जवळ आला. मग हळूच म्हणाला, "बाबांचंही असंच सुरू झालं होतं."

मित्रांनो, कात्री जागच्या जागी थांबली. मुलगा वाईट नव्हता. भीती माणसाच्या तोंडून काय वदवेल, सांगता येत नाही. तो म्हणाला, "समोर कोणी उभं नसलं, तर तुला बोलावंसं वाटणार नाही." आणि थोड्या वेळाने, "दुकानही आता पुरे, आई. आराम कर."

"समोरच्या डॉक्टरबाईंचा कोट शिवायला घेतलाय, तेवढा होऊ दे," मावशी म्हणाली. "मग बंदच करू."

मुलाने मला उचलून पोटमाळ्यावर ठेवले आणि माझ्यावर एक फाटकी चादर टाकली. धूळ माझ्या खांद्यांवर निवांत बसली. चादरीच्या भोकातून मला खालचे दुकान दिसे. मावशी आता ब्र काढत नव्हती. चुकून शब्द निसटू नये म्हणून ती टाचण्या ओठांत धरून बसे. तोंडात गुळणी धरावी तशी ती दिवस दिवस गप्प राही. ते दुकान इतके मुके झालेले मी कधी ऐकले नव्हते. हो, मौनही ऐकू येते.

माळ्याची दुसरी बाजू मागच्या खोलीवर होती. तिथून मला मुलाचे ऐकू येई. काय ऐकू येई, ते शेवटी सांगतो.

डॉक्टरबाईंच्या कोटाचे कापड साधे नव्हते. त्यांच्या आईने ते कधीकाळी हौसेने घेऊन जपून ठेवले होते. तसे कापड आता मिळत नाही. त्याची एक बाजू मऊ आणि दुसरी खरखरीत. अशा कापडात एक बाही कापली की दुसरीसाठी कापड उलटावे लागते, नाहीतर ती त्याच हाताची होते. हे मावशीला ठाऊक नव्हते असे कसे म्हणू? पण ठाऊक असलेली गोष्ट वेळेवर आठवून देणारा तिचा आवाज ओठांत टाचण्यांमागे कोंडलेला होता. तिने दुसरी बाही कापली. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या आणि ती पाहतच राहिली.

दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

टाचण्या तिने तोंडातून काढल्या. "गेलं," ती पुटपुटली. "माझंही डोकं गेलं." आणि ती जमिनीवरच बसली. मला हात असते तर मी ती चादर फेकून दिली असती.

त्याच संध्याकाळी डॉक्टरबाई माप पाहायला आल्या. मावशीने काहीच लपवले नाही. तिने दोन्ही बाह्या पुढे ठेवल्या.

डॉक्टरबाईंनी एक बाही उचलून आपल्या उजव्या हाताला लावून पाहिली. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर पाणी आले, पण त्या म्हणाल्या, "मावशी, अशी चूक आधी कधी झाली होती?"

"कधीच नाही."

"मग या वेळी काय वेगळं केलंत?"

मावशीने मान खाली घातली. "या वेळी बोलले नाही."

मग बांध फुटावा तसे ती सारे सांगून मोकळी झाली. मुलगाही बाहेर येऊन उभा राहिला. डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारले, "बोलता ते कशाबद्दल असतं?"

"कापडाबद्दल. दुसरं काय असणार?"

"कोणी उत्तर देतं का? इथं नसलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो का?"

"उत्तर कोण देणार? मीच विचारते, मीच देते. दुसऱ्या कोणाला माझ्या कापण्यात बोलूच देणार नाही मी."

डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. मग मुलाकडे वळल्या. "तुमच्या वडिलांना न दिसणारी माणसं दिसायची, त्यांची भीती वाटायची. तो आजार होता. आई स्वतःला काम सांगतायत. असं पुष्कळ माणसं करतात. आवाज ऐकू यायला लागले, भीती वाटायला लागली, रोजचं जगणं बिघडलं, तर जरूर या माझ्याकडे. हे तसं नाही. मी स्वतः जिना उतरताना म्हणते, 'चष्मा घेतला, किल्ली घेतली, आता चल बाई.' नाहीतर चष्मा घरी."

"म्हणजे... आईला काही झालेलं नाही?" मुलाने विचारले.

"झालंय ना. तुम्ही गप्प बसवलंत, ते झालंय."

जीव भांड्यात पडणे म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिले. मावशी रडली नाही. तिने फक्त एक मोठा श्वास सोडला, जणू टाचण्या धरल्यापासून तो आतच अडकला होता. मुलाने पुढे होऊन आईचा हात धरला. तो म्हणाला, "मी घाबरलो होतो गं."

"मला काय कळलं नाही होय?" मावशी म्हणाली. "मी तुझ्याहून जास्त घाबरले होते."

"अहो, पण माझा कोट?" डॉक्टरबाईंनी विचारले.

मावशीने उरलेले तुकडे गोळा केले. अखंड बाही निघत नव्हती, पण कोपरापाशी जोड दिला तर निघणार होती. "जोड दिसेल हां," तिने बजावले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दिसू दे. आईचं कापड वाया नाही गेलं, बास."

मुलगा माळ्यावर चढला. त्याने माझी चादर काढली आणि आपल्या रुमालाने माझे खांदे पुसले. मी माझ्या जागी परतलो. दुकान बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मावशीने खडू उचलला, इकडेतिकडे पाहिले आणि आधी अगदी हळू, मग नेहमीच्या आवाजात तिचे सुरू झाले. "हा वरचा तुकडा. हा खालचा. उलटवलास का? उलटव गं बाई."

आता राहिलेले सांगतो. जोडाची बाही माझ्या खांद्याला टाचून मावशी जरा लांबून पाहत होती. शिलाईचे यंत्र थांबलेले होते. एवढ्यात मागच्या खोलीतून मुलाचा आवाज आला. "हा जिना इथे आणला, तर दार कुठे जाईल? अरे वेड्या, दार उघडणार कसं? खोड ते. हां, आता कसं! शाबास."

माळ्यावर असताना मी हेच रोज ऐकत होतो.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कामात बुडालेले एखादे माणूस स्वतःशी बोलताना दिसले, तर त्याला हसू नका आणि घाबरून गप्पही करू नका. ते स्वतःचा हात धरून चालले आहे, त्याला चालू द्या. फार काळजी वाटली तर प्रेमाने विचारा, जाणत्या माणसाला विचारा. आणि तुमच्या घरात माझ्यासारखे जुने, मुके कोणी असेल, तर त्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा. त्याने पुष्कळ ऐकलेले असते.

त्या दिवशी मुलाचे ते "शाबास" ऐकून मावशीने तोंडावर पदर दाबला. हसू आवरेना. दुकानात दुसरे कोणीच नव्हते. मग इतक्या वर्षांत प्रथमच तिने माझ्याकडे, अगदी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली,

"ऐकलंस ना रे?"