आकडा उतरला तेव्हा

मित्रांनो, न धडधडणारे हृदय तुम्ही कधी पाहिले आहे का? ते मी! चाकांच्या गाडीवर बसवलेला एक जुना पंप. एक कोपरा चिरलेला, त्यावर चिकटपट्टी. ज्यांचे हृदय किंवा फुप्फुसे आजाराने थकून बसतात, त्यांचे काळपट रक्त नळीतून बाहेर घ्यायचे, शेजारच्या डबीत त्याला प्राणवायू पाजायचा आणि लालभडक करून परत पाठवायचे, हे माझे काम. आजार मी बरा करत नाही. शरीर सावरेपर्यंत किल्ला लढवतो, इतकेच.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय थाट होता! डॉक्टर मंडळी भोवती जमून कौतुक करत. पुढे माझ्याहून देखणा, सडपातळ पंप आला आणि मी भिंतीला लागलो. एकदा तर कुणीतरी माझ्यावर ओला रेनकोट टांगला. मला चालवणाऱ्या पंपदादांनी सगळा विभाग डोक्यावर घेतला. "हा काय खुंटी आहे? अरे, म्हातारा असला तरी कामाचा गडी आहे!" रिकाम्या वेळीही ते मला पुसत, चालवून बघत, बॅटरी भरून ठेवत. म्हणून तर चिमणी नावाची छोटी मुलगी आली तेव्हा नवा पंप दुसऱ्या कुणाच्या उशाशी होता, पण मी तयार होतो.

चिमणीचे वय दुधाचे दात पडण्याचे. साध्या तापाचे निमित्त झाले आणि तिचे हृदय सुजले. ते इतके थकले की पडद्यावरची नाडीची रेघ सपाट झाली. तिला माझ्या नळ्या जोडल्या आणि हृदयाच्या वाटणीचे सगळे काम मी करू लागलो. आईला त्या रेघेकडे बघवेना, म्हणून ती माझ्या आकड्याकडे टक लावून बसे. मी मिनिटाला किती रक्त ढकलतो, तो आकडा. फोनवर नवऱ्याला सांगे, "आकडा वर आहे हो. छान आहे."

एका सकाळी पंपदादांनी माझे बटण हळूच उलटे फिरवले. आई ताडकन उठली.

"अहो, कमी काय करताय?"

"ताई, पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरतो ना आपण? तो जरा सैल करून बघायचाय."

"आणि बुडाली म्हणजे?"

"हात खालीच आहे की!"

रेघ हलली नाही. आकडा पुन्हा वर गेला. "मी म्हटलं नव्हतं?" आई डोळे पुसत म्हणाली. मी फिरत राहिलो. माझ्या आधाराने सगळेच घरी जात नाहीत, हे मी पाहिले होते.

काही दिवसांनी पुन्हा तोच प्रयत्न झाला. या वेळी सपाट रेघेवर एक टेंगूळ उठले. मग दुसरे. मी जितका हळू, तितकी टेंगळे मोठी! डॉक्टरीणबाईंनी छातीची सोनोग्राफी केली आणि हसल्या. "चिमणी हातपाय मारायला लागली!"

आई एकदा रेघेकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग चाचरत म्हणाली, "दादा, अजून थोडं कमी करून बघता का?"

मित्रांनो, माझ्या ताकदीचे कौतुक खूप झाले होते. पण कुणाला आपण नकोसे होण्यात एवढा आनंद असतो, हे मला त्या दिवशी कळले. पुढे नळ्याही निघाल्या.

परवा चिमणी स्वतःच्या पायांनी मला भेटायला आली. पुढचे दोन दात गायब. "आई, हा एवढासाच?"

"एवढासा म्हणे!" पंपदादा म्हणाले. "तुला उचलून धरलं होतं त्यानं, भवाने!"

तोवर ती व्हरांड्यात पळालीसुद्धा. "अगं हळू, पडशील!" म्हणत आई मागे धावली.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची खुंटी करू नका. पुसा, तपासा, तयार ठेवा. आणि आधार कसा द्यावा असे विचाराल, तर त्या व्हरांड्यात बघा. पुढे चिमणी पळते आहे. मागे आईचा हात आहे, तिच्या पाठीपासून बोटभर लांब.