दोघांना मिळून एक दांडा

ही पैज लागली ती ओसाकातल्या एका बाजारगल्लीच्या सार्वजनिक न्हाणीघरात, गल्लीतले सगळे बाप्ये गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसलेले असताना. उरानो न्हावी तोकुजीला म्हणाला, तुझ्यात दम असेल तर एक दिवस एकट्यानं जाऊन रोलर कोस्टरवर बसून दाखव. पाळण्या-गाड्यांच्या बागेचं फाटक उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत, भर सुट्टीच्या गर्दीत. नाही जमलं तर दुकानाचं शटर वर करायचं आणि अख्ख्या गल्लीला कोरोक्के तळून घालायचे.

कोरोक्के म्हणजे बटाट्याचे कुरकुरीत वडे. तोकुजीचं दुकान त्याचंच, आणि ते कित्येक महिने बंद.

आणि जमलं तर, असं तोकुजीनं विचारलं. उरानो म्हणाला, जमलं तर मी बसेन, गल्लीसमोर. हे ऐकून सगळा हौद हसला, कारण उरानो म्हणजे शंभर किलोंचा भित्रा. गल्लीची सहल गेली की हा खाली बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळणार. मधल्या भिंतीपलीकडे बायकांचा हौद. तिथून चहावाल्या हिसानोबाई ओरडल्या, मी साक्षीदार, आता कुणी शब्द फिरवायचा नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तुला कसं कळलं, तू होतास का तिथं? नव्हतो. मी एक जुना लोखंडी दांडा आहे. मला न्हाणीघरात नेलं तर गंजून मरेन. मी पाकोळी नावाच्या रोलर कोस्टरच्या शेवटच्या ओळीत असतो. माणसं बसली की मी खाली येतो आणि त्यांच्या मांड्यांवर टेकतो. मग साखळी आमची गाडी ओढत पहिल्या चढावर नेते, कट कट कट कट. त्या चढावर माणसं घाबरून वाट्टेल ते बोलतात. बायकोला न सांगितलेलं सांगतात, साहेबाला घातलेल्या शिव्या पुन्हा घालतात. मला सगळं ऐकू येतं. पैजेचं मला तोकुजीनंच सांगितलं.

माझा जन्म ओसाकाजवळच्या साकाईतल्या एका कारखान्यात झाला. एकाच नळीचे आम्ही बरेच तुकडे. माझे भाऊ सायकली झाले, जग हिंडले. मला दोन ठिकाणी वाकवलं, वर काळी गादी शिवली आणि इथं आणून ठोकलं. मीही हिंडतो म्हणा, पण त्याच त्या रुळावर. सुरुवातीला फार मान होता. पाकोळीची रांग फाटकाबाहेर जायची. हिवाळ्यात एक मिस्त्री यायचा, छोट्या हातोडीनं मला टकटक करायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, पठ्ठ्या ठणठणीत आहे. पुढं शेजारी नव्या गाड्या आल्या. खांद्यावरून येणारे पट्टे, ज्याचा त्याचा वेगळा. माझी गादी उसवली, तिला चिकटपट्ट्या लागल्या. पोरं त्या नखांनी सोलतात.

पण एक गंमत फक्त माझ्याकडे आहे. दोघांना मिळून मी एकच दांडा आहे. मी कुठं थांबायचं ते जाडा माणूस ठरवतो. त्याच्या पोटाला टेकलो की संपलं, आणखी खाली जाता येत नाही. मग शेजारच्या बारीक माणसाच्या मांडीवर वीतभर जागा मोकळी राहते. गाडी चढावरून सुटली की तो बारीक माणूस बाकावरून अलगद उचलला जातो. पडत नाही, मी असतो ना वर. पण क्षणभर तो कशावरच बसलेला नसतो.

तोकुजीची बायको नामिए अशी दरवर्षी उडायची.

काय जोडी होती. तो तळणीशेजारी उभा राहून फुगलेला, ती काडीसारखी. गल्लीच्या सहलीत दोघं नेमकी माझ्याच ओळीत बसायची. तोकुजी मला दोन थापट्या मारायचा आणि म्हणायचा, सांभाळ रे बाबा. नामिए पिशवीतून गोळ्या काढायची. एक पुढच्या ओळीतल्या अनोळखी पोराला, एक फलाटावरच्या मात्सुएबाईंना. मात्सुएबाई म्हणजे आमचे दांडे तपासणाऱ्या. एकदा तर नामिएनं एक गोळी माझ्यावर ठेवली. म्हणाली, हा बिचारा दिवसभर लोकांची पोटं झेलतो. मित्रांनो, मला खाता येत नाही, आणि ती गोळी पहिल्याच उतारावर कुठल्या कुठं गेली. पण दांड्याला खाऊ देणारी ती एकटीच.

मग कट कट कट चढ, आणि पहिला उतार. नामिए वर. ती खिदळायची, शाळेतल्या पोरीसारखी. आणि हा जाड्या घाबरून दरवेळी तिची बाही धरायचा आणि तिला खाली ओढायचा.

"तोकुसान, हात सोडा. उडू द्या मला."

तो सोडायचा नाही. खाली आल्यावर म्हणायचा, एवढं खिदळायला काय असतं त्यात? ती म्हणायची, तुम्हाला काय कळणार, तुम्ही कधी उडलातच नाही.

गेल्या शरदातही आली होती दोघं. मी तोकुजीच्या पोटावर टेकलो आणि मला नामिए सापडेचना. दोन वीत जागा. मनात म्हटलं, ही बाई राहिलीय किती? ती उडाली, पण खिदळली नाही. चढावरच म्हणाली होती, तोकुसान, पुढच्या वर्षी तुम्ही उडून बघा. त्यानं तिला गप्प बस म्हटलं. बाही मात्र त्या दिवशी त्यानं चढ सुरू व्हायच्या आधीपासूनच धरली होती.

नंतर मी वाट बघितली. दांडा दुसरं काय करणार?

आणि मग वसंतातल्या त्या मोठ्या सुट्टीत, अख्खं ओसाका बागेत लोटलेलं असताना, सकाळच्या पहिल्या फेरीला एक वाळका म्हातारा शेवटच्या ओळीपाशी आला. मात्सुएबाईंनी नेहमीसारखं विचारलं, किती जण? त्यानं दोन बोटं वर केली. बाईंनी दोन जागा राखल्या आणि त्याच्या मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं. त्यानं आपल्या बोटांकडे बघितलं. जणू ती दुसऱ्या कुणाची असावीत. मग तो कमरेत वाकला आणि चुकलो, चुकलो म्हणाला. रांगेतले लोक कुरकुरायला लागले, एवढ्या गर्दीत जागा रिकामी कशी सोडता म्हणून. मात्सुएबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि ती जागा रिकामीच जाऊ दिली.

मी खाली आलो. पोट लागेना. मी खाली, आणखी खाली, थेट मांडीच्या हाडापर्यंत. कोण हा, असं मी म्हणतोय तोच दोन थापट्या पडल्या.

"सांभाळ रे बाबा."

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, मला रडता येत नाही, आणि पाऊस नसताना ओला झालो तर मात्सुएबाई कोरड्या फडक्यानं पुसतात. पण त्या माणसाचं पोट कुठं गेलं हो? एवढं मोठं पोट एका हिवाळ्यात कुठं जातं?

चढावर तो रिकाम्या जागेशी बोलायला लागला. पैजेचं सांगितलं. म्हणाला, उरानोला वाटतंय मी पैजेसाठी आलोय. वाटू दे. नामिए, तू हलकी होतीस म्हणून उडायचीस ना? बघ, आता मीही तुझ्याएवढाच हलका झालोय. ते दोघांचे जुने दांडे येत्या हिवाळ्यात काढणार आहेत म्हणे, मात्सुएबाई सांगत होत्या. त्याआधी एकदा बघायचंय मला, तू कशाला हसायचीस ते.

तेव्हा मला कळलं, याला गोम माहीतच नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे बाबा, नुसतं हलकं होऊन चालत नाही, शेजारी कुणीतरी जाडं लागतं. ती तुझ्या पोटामुळं उडत होती. पण दांड्याला तोंड कुठलं. उतार आला आणि मी, माझ्याच घट्टपणानं, त्याला बाकावर दाबून धरलं. तो तसूभर हलला नाही.

तो दिवसभर येत राहिला. मधे नव्या गाड्यांवर बसून यायचा आणि चढावर मला गाऱ्हाणं सांगायचा. त्या निळ्या गाडीचे पट्टे खांदे असे आवळतात की जणू कर्ज बुडवून पळालेला सापडलाय. त्या उलट्या गाडीत कवळीच पडायची राहिली. सगळीकडे रांगा, सगळीकडे तोच प्रश्न, किती जण, आणि आता त्याला एक बोट वर करायची सवय लागली होती. पुढच्या फेरीला आणखी हलकं व्हावं म्हणून त्यानं घड्याळ काढलं, कोट काढला, किल्ल्या काढल्या, सगळं फलाटावरच्या टोपलीत ठेवलं. खिशातून एक गोळी निघाली, कागद चिकटलेली. ती मात्र टोपलीत ठेवायला त्याला वेळ लागला. मग बूट काढायला वाकला तेव्हा मात्सुएबाई म्हणाल्या, तोकुजीसान, बूट राहू द्या, आमची नोकरी जाईल. हिसानोबाईंनी बांधून दिलेले भाताचे मुटके त्यानं तसेच राहू दिले. खाल्लं तर जड होईन म्हणाला.

मी आपला रांगेकडे डोळे लावून होतो. देवा, एखादा गलेलठ्ठ पाठव. दुपारी आला एक, सुमो पैलवानच म्हणा ना. मला आनंदानं गंज सुटायची वेळ. मात्सुएबाईंनी त्याला वजन बघून मधल्या डब्यात बसवलं. तोकुजीच्या शेजारी आली ती एक कॉलेजातली काटकुळी मुलगी. तिचं वजन माझ्या गादीएवढं. पुन्हा मी खाली. पुन्हा तो घट्ट.

संध्याकाळची फेरी झाली. खाली आल्यावर मी वर झालो तरी तो उठला नाही. मग एवढंच म्हणाला, नाहीच कळलं.

तेवढ्यात कुंपणाशी गलका झाला. बाजारगल्ली आली होती, अख्खी. फाटक बंद व्हायच्या आत निकाल बघायला. पुढं हिसानोबाई, आणि त्यांच्या मुठीत उरानोची कॉलर. तोकुजी सकाळपासून इथंच आहे, हे मात्सुएबाईंनी सर्वांसमोर सांगितलं. झालं. उरानो हरला.

मग त्याचं सुरू झालं. गुडघा दुखतोय. दुकानात गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बसलंय. डॉक्टरांनी मना केलंय. हिसानोबाई म्हणाल्या, कुठल्या डॉक्टरांनी, त्यांना पण बोलवू. कुंपणापलीकडे मासेवाला टाळ्या वाजवायला लागला, आणि बघता बघता रांगेतले परके लोकही. उरानोनं कपाळाचा घाम पुसला आणि गल्लीसमोर माझ्या ओळीत येऊन बसला. तोकुजीच्या शेजारी. बाक करकरला.

मी खाली आलो, आणि लगेच थांबलो.

काय पोट होतं ते. तीस वर्षं रोज दुपारी दुकान मिटून हा माणूस पलीकडे जायचा आणि नामिएच्या हातचे तीन-तीन कोरोक्के उभ्या उभ्या खायचा. ते सगळे त्या पोटात होते. त्या पोटावर मी टेकलो, आणि तोकुजीच्या मांडीवर वीतभर मोकळी जागा राहिली. त्यानं त्या जागेकडे बघितलं. मग उरानोच्या पोटाकडे. मग पुन्हा त्या जागेकडे. थापट्या मारायला उचललेला हात तसाच राहिला.

कट कट कट. उरानो डोळे मिटून बुद्धाचं नाव घेत होता. मधेच म्हणाला, तोकु, मी मेलो तर माझा वस्तरा तुला. मग जरा वेळानं, डोळे मिटलेलेच, "शटर बंद बघवत नाही रे. तेवढ्यासाठी पैज लावली."

गाडी टोकावर आली. खाली गल्ली मुंगीएवढी.

आणि सुटली.

तोकुजी वर उचलला गेला. अलगद. बाक खाली राहिला, तो वर. उरानोनं बोंब ठोकली आणि दोन्ही हातांनी तोकुजीची बाही धरून त्याला खाली ओढलं.

"उरानो, हात सोड," तोकुजी म्हणाला. "उडू दे मला."

उरानोनं सोडला. दुसऱ्या उतारावर तोकुजी हसला. खिदळलाच, अगदी तसाच. तिसऱ्या उतारावर हसता हसता त्याला रडू फुटलं. डावा हात शेजारच्या बाहीकडे गेला आणि मधेच थांबला, कारण ती बाही दुसऱ्याची होती. "कळलं गं," तो वाऱ्यात म्हणाला. "नामिए, कळलं." पण ते ऐकायला हवी होती ती बाई आता कुठल्याच ओळीत नव्हती. आणि ज्याला कळलं तो पुन्हा खाली बाकावर आदळला, कारण उतार तिथं संपतो.

मित्रांनो, हिवाळ्यात मला काढतील. ज्याचा त्याला वेगळा दांडा मिळेल, मापाचा, सुरक्षित. ते बरोबरच आहे. मला भंगारात टाकलं तरी माझी तक्रार नाही, नशिबात असेल तर सायकल होईन. फक्त एवढं करा. तुमच्या गल्लीत कुणाचं शटर खाली असेल, तर त्याच्याशी काहीतरी खुळी पैज लावा. आणि हरलात तर शेजारी जाऊन बसा, तुम्हाला कितीही भीती वाटत असली तरी. तुमचं पोट कुणाच्या कामी येईल, सांगता येत नाही.

गाडी फलाटावर थांबली. मी वर झालो. उरानो जागचा उठेना, आणि गल्ली हसून हसून कुंपणाला लोंबकळत होती. तोकुजीनं तोंड पुसलं. मात्सुएबाईंनी घड्याळ बघितलं. शेवटची एक फेरी शिल्लक होती. त्यांनी विचारलं, किती जण?

तोकुजीनं दोन बोटं वर केली.

उरानो नाही नाही म्हणत राहिला, आणि मी सगळ्यांदेखत त्याच्या पोटावर येऊन टेकलो.