मनकर्णाचा खांदा

मित्रांनो, चौसाळा गावातल्या एका खोलीत बसलेली मी एक जुनी मशीन. विजेवर चालते आणि कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडते. त्यांतून स्पायरल ओवली, की पुस्तक तयार.

मी यायच्या आधीची गोष्ट मला बायकांच्या बोलण्यातून कळली. पाऊस झाला नव्हता, शेतात काम नव्हतं. म्हणून गावातल्या बायकांनी सहकारी संस्था काढून बीडच्या क्लासच्या नोट्स बांधायला घेतल्या. सुभद्राबाई संस्थेच्या अध्यक्ष. मनकर्णा हातमशीनवर भोकं पाडायची. दांडा दाबून दाबून तिचा उजवा खांदा सुजायचा. ती बोलत नसे, पण भाकरी मोडतानाही तिला कळ येते, हे सुभद्राबाईंनी पाहिलं होतं.

म्हणून त्या नवी मशीन घ्यायला बीडला, मी होते त्या दुकानात आल्या. दुकानदार सगळ्यात मोठी मशीन पुढे करत होता. सुभद्राबाईंनी एकेकीचं पेडल पायानं दाबून पाहिलं आणि माझ्यापाशी थांबल्या.

"ही हलकी चालती. दांडा वढायचं काम न्हाई. हीच द्या."

गावात मला हार घातला. "लई भारी हाय! आता कुणीबी भोकं पाडील," बायका म्हणाल्या. मनकर्णा दारातच उभी होती. ते ऐकून ती निघून गेली. मला कुणासाठी आणलं, हे सुभद्राबाई बोलल्या नाहीत. चारचौघींत तिचं दुखणं कशाला काढायचं, असं त्यांना वाटलं.

त्याच आठवड्यात मनकर्णा नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली. खबर लागली तेव्हा ट्रक मांजरसुंबा सोडून पुढे गेला होता. सुभद्राबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. "एका शब्दानं बोलले न्हाई मी तिला," एवढंच म्हणाल्या.

मी हंगामभर बिनतक्रार चालले. लोक माझं कौतुक करत. मला मात्र ते ऐकताना चोरी केल्यासारखं वाटे. मी बसले होते ती जागा मनकर्णाची होती.

उन्हाळ्यात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. सुभद्राबाई स्वतः जाऊन तिला घेऊन आल्या.

"का म्हून गेलीस गं?"

"मशीन आली, आक्का. मला वाटलं, माजं काम सरलं. उगं बसून कशाला ऱ्हावं?"

"अगं, तुज्याच खांद्यासाठी आणली व्हती."

मनकर्णानं माझ्याकडे पाहिलं. "मंग सांगायचं व्हतं की, आक्का," ती हळूच म्हणाली.

ती माझ्यासमोर बसली. पेडलवर पाय ठेवला. पण कागद सरकवायला उजवा हात वर येईना. उसाच्या मोळ्या वाहून तो खांदा कायमचा गेला होता. तिनं डावा हात पुढे केला. सुभद्राबाईंनी डोळ्यांना पदर लावला, शेजारी बसल्या आणि एकेक गठ्ठा नीट करून तिच्या डाव्या हातात देऊ लागल्या. आजही देतात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण नवी मशीन आणाल, तेव्हा ते काम आजवर ज्यांच्या हातांनी केलं, त्यांना आधी जवळ बसवा. कशासाठी आणतो ते सांगा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.