अकरा ठिकाणी अडलेले चाक

मित्रांनो, मी रस्ते मोजणारे एक जुने चाक आहे. माझा घेर बरोबर एक मीटर. मधल्या आसाला एक लांब दांडा आणि दांड्यावर आकड्यांची छोटी डबी. मी एक फेरी पूर्ण केली की डबीतून 'टक्' असा आवाज येतो आणि एक आकडा पुढे सरकतो. आज माझे रबर झिजले आहे, दांड्याचा रंग पोपडे धरून उडाला आहे. पण मी आलो ते मोठ्या दिमाखात.

एका छोट्या कारखान्यातल्या लेथवाल्याने मला घडवले. पहिल्याच चाचणीत मी शंभर मीटरांत दोन बोटे चुकलो. त्याने मला मुकाट्याने पुन्हा लेथवर चढवले. तीनदा घासले, तीनदा मोजले आणि मग कारखान्याच्या मालकाला म्हणाला, "आता हे खोटं बोलणार नाही."

त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढले, असे म्हटले तरी चालेल.

शहर नियोजनाच्या कार्यालयात मला एका मोजणीदाराच्या हाती देण्यात आले. तेव्हा त्याला नुकतीच मिसरूड फुटली होती. पुढे सगळे त्याला मीटरकाका म्हणू लागले. आम्ही दोघांनी मिळून शहर पायाखाली घातले. नवा रस्ता असो, गटाराचे काम असो, दोन इंजिनिअरांचे भांडण असो, शेवटी कोणीतरी म्हणायचेच, "चाक आणा." मी जायचो, टक्‌टक् करायचो आणि भांडण मिटायचे. मीटरकाका मला लेकरासारखे जपत. रस्त्यात काही आडवे आले, तर मला अलगद उचलून पलीकडे ठेवत. अशी चाळीस वर्षे गेली.

मग नकाशावाल्या मॅडम आल्या.

त्यांच्या हातात काचेची पाटी होती. तिला सगळे टॅबलेट म्हणत. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितले, "या वेळचा आराखडा लोकांना विचारून करायचा. आपल्या भागात कुठं त्रास होतो, ते प्रत्येकानं मोबाइलवरच्या नकाशात लाल खूण करून सांगायचं. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांच्या दारात मी स्वतः हा टॅबलेट घेऊन जाणार."

"लोकांना मोजणीतलं काय कळतं?" मीटरकाका पुटपुटले.

माझ्या अगदी मनातले बोलले. पण ऐकतो कोण? टॅबलेटला रोज मऊ फडक्याने पुसत, उशीवर ठेवावे तसे टेबलावर ठेवत. मी मात्र दाराआड, छत्र्यांच्या शेजारी. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, माझा जळफळाट झाला. ती पाटी एक पाऊल चालत नव्हती आणि तरी शहर तिच्यात मावत होते! ती हातातून पडावी, फुटावी, असे मला रोज वाटे.

त्याहून मोठा हेवा अजून वाटायचा होता.

एके दिवशी मॅडमनी मीटरकाकांना नकाशा दाखवला. बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंतच्या एकाच पदपथावर अकरा लाल खुणा होत्या. त्या सगळ्या एकाच बाईने केल्या होत्या.

"शक्यच नाही," मीटरकाका म्हणाले. "हा पदपथ मी मोजलाय. चारशे बारा मीटर लांब, दोन मीटर रुंद, स्थिती उत्तम. माझ्या सहीचा कागद आहे."

खुणा करणारी बाई शिवणकाम करणारी होती. आसपासचे तिला टेलरताई म्हणत. लहानपणच्या आजारात तिच्या पायांतले बळ गेले होते आणि ती व्हीलचेअरवर बसून फिरायची. दवाखान्यात चादरी आणि रुग्णांचे कपडे शिवायची नोकरी तिला नुकतीच लागली होती. पदपथावर ठिकठिकाणी अडायचे, म्हणून तिला पुन्हा पुन्हा बसगाड्यांच्या रस्त्यावर उतरावे लागे. आठवड्यापूर्वी एका ट्रकने तिच्या खुर्चीला धक्का दिला होता. तिचा थोरला भाऊ हात जोडून म्हणत होता, "नोकरी गेली खड्ड्यात, तू घरी बस." आणि आमच्या कागदावर 'उत्तम' लिहिलेले असल्याने पुढची कित्येक वर्षे त्या पदपथाला कोणी हात लावणार नव्हते.

नागरिकांची सभा भरली. मीटरकाका मलाही घेऊन गेले. भिंतीवर मोठा पडदा होता. टेलरताईने खुर्चीच्या हाताला मोबाइल बांधून तो रस्ता पार केला होता आणि तिच्या वाटेची निळी रेघ पडद्यावर उमटली होती. सगळा हॉल तिच्या खुर्चीकडे कौतुकाने बघत होता. दोन चाके! साधी, बारीक, चिखल लागलेली. ना त्यांना आकड्यांची डबी, ना टक्. आणि तरी शहर मोजायचा मान त्यांना! माझ्या आसात कोणी वाळू ओतावी तसे मला झाले.

तेवढ्यात ती निळी रेघ भरकटली. उंच इमारतींमध्ये मोबाइलला जागा नीट कळत नाही म्हणे. रेघ पदपथ सोडून थेट दवाखान्याच्या छपरावर चढली आणि पलीकडे उतरली.

"काय हो ताई," एक भांडीवाला दुकानदार ओरडला, "तुमची खुर्ची उडते की काय?"

हॉल खदखदून हसला. मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. मीटरकाका उठले, खिशातून कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचला, "चारशे बारा मीटर. स्थिती उत्तम."

टेलरताई हसली नाही, रडलीही नाही. ती म्हणाली, "काका, माझी रेघ उडाली, कबूल. मी उडत नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. चाकही आणा. पण एक अट आहे. चाक कुठंही उचलायचं नाही. जिथं ते अडेल, तिथून मागं फिरून, जिथं उतार मिळेल तिथून पुढं यायचं. माझ्यासारखं."

"चालेल," मीटरकाका म्हणाले. त्यात काय मोठेसे, असे आम्हा दोघांनाही वाटले.

सकाळी आठ वाजता निघालो. पुढे तिची खुर्ची, मागे मी, शेवटी टॅबलेट घेतलेल्या मॅडम. पहिल्याच कोपऱ्यावर पदपथाचा वीतभर उंच काठ आला. मीटरकाकांचा हात सवयीने वर गेला.

"काका, अट," टेलरताई म्हणाली.

हात खाली आला आणि मी काठावर धाडकन आपटलो. डबी हादरली. चाळीस वर्षांत असा मार मी खाल्ला नव्हता. मागे फिरलो, रस्त्यावर उतरलो, बस अंगावरून गेल्यासारखी गेली, वळसा घेऊन वर चढलो. मग विजेचा खांब, पदपथाच्या अगदी मध्यात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना राडारोड्याचे ढीग. मग गटाराचे वर आलेले झाकण. मग त्या भांडीवाल्याची पदपथावर आलेली पायरी. दर वेळी मागे, खाली, वळसा. दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा मी अकरा ठिकाणी अडलो होतो आणि माझ्या डबीत आकडा होता नऊशे त्रेसष्ट.

मीटरकाका फाटकाच्या कट्ट्यावर बसले. डबीतला आकडा त्यांनी पुन्हा एकदा वाचला.

"ताई, मी खोटं लिहिलं नव्हतं हो," ते म्हणाले.

"नाही काका. तुम्ही तुमच्यापुरतं खरं लिहिलंत."

मला रडता येत नाही, नाहीतर तिथेच रडलो असतो. मी कधी अडखळलोच नव्हतो, कारण मला उचलणारा हात होता. ज्या बारीक चाकांवर मी जळत होतो, ती हा मार रोज दोनदा खात होती.

परतताना आम्ही तिघांनी मिळून काम केले. कोणती अडचण कुठे आहे, हे कोपऱ्यापासूनचे मीटर मोजून मी सांगायचो. टेलरताई ती अडचण काय आहे ते सांगायची. मॅडम फोटो काढून ती खूण नकाशात योग्य जागी बसवायच्या. आता एकही खूण उडून छपरावर गेली नाही. पुढच्या सभेत मीटरकाकांनी सगळ्यांसमोर आपल्या कागदावरचा 'उत्तम' स्वतःच्या पेनाने खोडला. या वेळी कोणी हसले नाही.

चार महिन्यांत काठांना उतार झाले, झाकणे बसली. भांडीवाल्याने तीन आठवडे कुरकुर केली आणि शेवटी पायरी आत घेतली. विजेचा खांब मात्र अजून तिथेच आहे. तो दुसऱ्या खात्याचा, म्हणे. बाजूचे ढीग उचलले गेल्याने टेलरताई त्याच्याशेजारून भिंतीला कोपर घासत जाते, पण रस्त्यावर उतरत नाही. तिचा भाऊ आता तिला नोकरी सोडायला सांगत नाही. उलट तिला उशीर झाला की ओरडतो.

मीटरकाका निवृत्त झाले. आता शहराच्या मोजणीला सहाजणांचा एक गट जातो. त्यात काठी घेतलेले आजोबा आहेत, बाबागाडी ढकलणारी आई आहे, एक अंध शिक्षक आहेत आणि सर्वांत पुढे टेलरताईची खुर्ची. लोक दारात येऊन त्या खुर्चीला हाका मारतात. मला कधी सोबत नेतात, कधी विसरतात. विसरतात त्या दिवशी माझा अजूनही तिळपापड होतो. स्वभावाला औषध नाही, मित्रांनो.

गेल्या आठवड्यात टेलरताई कार्यालयात आली. तिने दाराआड वाकून पाहिले आणि मला ओढून मांडीवर घेतले. आधी आसात तेल सोडले. मग पिशवीतून एक हिरवी खोळ काढली. ती तिने दवाखान्यातल्या उरलेल्या कापडाची शिवली होती. डबीच्या जागी छोटी खिडकीही ठेवली होती, आकडे दिसावेत म्हणून. माप कधी घेतले होते, कोण जाणे. खोळ कुठे सैल नाही की कुठे घट्ट नाही.

ज्या दोन चाकांवर मी जळलो, त्यांच्यावर बसून मी नवा कपडा घातला.

म्हणून एवढेच मागतो. जुन्या अवजारांना गंज चढू देऊ नका, अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि मोठे होऊन तुम्ही रस्ता, शाळा, बाग, काहीही बांधाल, तेव्हा ते चांगले झाले की नाही हे लिहिण्याची घाई करू नका. ज्याला तिथे पोचायला सर्वांत जास्त कष्ट पडतात, त्याला आधी आत येऊ द्या. तो काय म्हणतो ते ऐका आणि मगच सही करा.