नववं राज्य

अमेरिकेतल्या तेरा राज्यांचं आमचं नवं सरकार कसं चालतं ते मला विचारा. मी त्या सरकारच्या सभेचा द्वारपाल, अबनेर. साध्या शिपायाला पाव द्यायचा तरी नऊ राज्यांचा होकार लागतो. राज्य हजर धरायचं तर त्याचे निदान दोन सभासद बसलेले लागतात, आणि त्या दोघांचं आपसात जमलं नाही तर राज्याचं मत शून्य. राजाला हाकलून आम्ही हे कमावलं.

नोव्हेंबरच्या त्या सकाळी न्यूयॉर्कात आठ राज्यं भरली होती आणि आठही शिपायांना पीठ धाडायच्या बाजूची. ओहायो नदीकाठच्या किल्ल्यातले शिपाई अर्ध्या भाकरीवर आले होते. पिठाच्या होड्या पिट्सबर्गला तयार होत्या, पण सभेच्या पत्राशिवाय मालक दोर सोडेना. स्वार आज निघाला तरच नदी गोठायच्या आत होड्या सुटणार.

नववं डेलावेअर; त्याचे क्रॉपर जागेवर होते. दुसरे पर्नेल, पायाचा सुजलेला अंगठा उशीवर ठेवून मिसेस टिलमनच्या खाणावळीत पडलेले. टिलमनबाईंचा सायलस त्याच किल्ल्यात होता. पर्नेलांना आणायला मी तिथं गेलो.

"साहेब, उठा," बाई म्हणाल्या.

"कशाला? मी हो म्हटलं की क्रॉपर नाही म्हणणार. वसंतात चारदा झालंय. फुकट पाय दुखवू?"

"पाय तुमचा, पोट माझ्या पोराचं. अबनेर, खुर्ची धर तिकडून."

एक बाजू मी, एक बाजू बाई. पर्नेलांचं वजन दोन राज्यांएवढं. ब्रॉड स्ट्रीटवर लोक वाट सोडत होते.

"हळू गं बाई, मी काय कालवांची पाटी आहे?"

"पाटी गप्प बसते, साहेब. आता ऐका. आत शिरताना ओरडा, पिठाला तुमचा विरोध आहे म्हणून. यादीत क्रॉपरांचं नाव तुमच्या आधी येतं."

पर्नेलांना कळायला अर्धा जिना लागला. मग ते असे खदखदून हसले की माझी बाजू सुटता सुटता वाचली.

"एक पोतंही देऊ देणार नाही," ते दारातूनच गरजले.

बाईंना आत मज्जाव. मी दार बोटभर उघडं ठेवलं. माझ्या नोकरीत तेवढं बसतं. एकेक राज्य हो म्हणत गेलं. आठ. माझ्या खांद्यावर बाईंची बोटं रुतलेली.

"डेलावेअर. श्री. क्रॉपर?"

क्रॉपरांनी पर्नेलांकडे पाहिलं. पर्नेल छताकडे बघत नाराजीनं मान हलवत होते. फार छान हलवत होते.

"शिपाई उपाशी असताना कोणी एवढं निर्दय व्हावं?" क्रॉपर म्हणाले. "माझं मत, हो."

"श्री. पर्नेल?"

पर्नेलांनी सावकाश अंगठा चोळला. "काय करणार, सहकाऱ्यानं माझं मन वळवलं. हो."

क्रॉपर टोपी उचलून तरातरा निघून गेले. सभा पुन्हा आठ राज्यांवर आली आणि उरलेली कामं तिथंच अडली. पण पत्रावर सही झाली होती. बाईंनी ते स्वाराच्या हातात स्वतः दिलं आणि हडसन नदीच्या धक्क्यापर्यंत त्याच्या घोड्यामागे धावत गेल्या. पर्नेलांना परत नेताना खुर्चीची दुसरी बाजू धरायला मला कोणी मिळेना.