चौथ्या मिनिटाला संपलेला यूपीएस

मी एक जुना यूपीएस आहे, मित्रांनो. सध्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी, भंगारवाल्याची वाट बघत पडलोय. वीज गेली की काही मिनिटं यंत्रांना तग धरायला लावायचं, एवढंच माझं काम. तेवढंही मला धड जमलं नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट एका तपासणी प्रयोगशाळेत आलो. तिथल्या कपाटात एक सर्व्हर होता. दिसायला पेटी एकच, पण तिच्या पोटात चार आभासी यंत्रं, म्हणजे एकातच चालणारे चार वेगळे संगणक, नांदत होती. एकात रुग्णांची नावं, एकात तपासण्यांचे आकडे, असं. ती चालू असताना वीज तुटली, तर लिहिता लिहिता पान फाटावं तसं त्यांच्यातलं सगळं बिघडतं. म्हणून भावजींनी एका बारीक वायरने माझी आणि सर्व्हरची गाठ घालून दिली. भावजी म्हणजे तपासणी करणाऱ्या वहिनींचे धाकटे दीर, संगणकाची कामं करणारे. त्या भावजी म्हणायच्या, म्हणून मोठ्या डॉक्टरीणबाईंपासून सगळेच त्यांना भावजी म्हणू लागले.

व्यवस्था साधी होती. वीज गेली की मी सर्व्हरला कळवायचं. त्याने दहा मिनिटं वाट बघायची आणि वीज आली नाही, तर चारही यंत्रं एकेक करून आपोआप बंद करायची. भावजींनी माझा प्लग स्वतः उपटून दाखवला. सगळी शहाण्यासारखी निजली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा, भावजी!" माझीही छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

जाताना त्यांनी माझ्या अंगावर एक कागद चिकटवला. "वहिनी, दर तीन महिन्यांनी प्लग काढून बघा आणि इथे सही करा. बॅटरी म्हातारी होते, पण कुणाला सांगत नाही."

पहिल्यांदा वहिनींनी प्लग काढला. यंत्रं परत उठायला अर्धा तास गेला, बाहेर रांग खोळंबली, लोकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवलं. पुढच्या वेळी त्यांनी नुसती सही केली. त्यानंतरही तेच. तारीख मात्र एकदाही चुकली नाही. त्यांना आळशी म्हणू नका हं, बाई दिवसभर उभी असायची.

इकडे माझ्या बॅटऱ्या आतून वाळत चालल्या होत्या. मला त्याचा पत्ताच नाही. वीस मिनिटं पुरेन, असंच मी पडद्यावर दाखवत राहिलो.

चौथ्या वर्षी वहिनींच्या सासूबाई, म्हणजे भावजींची आई, आजारी पडल्या. ताप मेंदूत गेला होता. कोणतं औषध लागू पडेल हे कळायला त्यांच्या मणक्यातून थोडंसं पाणी काढलं. ते तपासणीतच संपतं. मागे उरतात ते फक्त यंत्रातले आकडे. दुपारी चारला तपासणी पुरी झाली, वहिनी आकडे बघायला बसल्या आणि वीज गेली. टेबलावरचा संगणक विझला. आत कपाटात मी सर्व्हर धरून होतो.

वहिनींनी येऊन माझा पडदा पाहिला. "वीस मिनिटं आहेत. आईंचे आकडे कुठे जात नाहीत," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या.

मी चौथ्या मिनिटाला संपलो. सर्व्हर अजून वाटच बघत होता.

वीज आल्यावर तीन यंत्रं उठली. आकड्यांचं उठलं नाही. नक्कल रोज रात्री निघायची, त्यामुळे त्या दिवसाचं काहीच शिल्लक नव्हतं. भावजी दोन दिवस झटले, हाती काही लागलं नाही. पुन्हा सुई सोसण्याची ताकद सासूबाईंत नव्हती. डॉक्टरांनी अंदाजाने औषध दिलं, ते लागू पडलं नाही. अकराव्या दिवशी त्या गेल्या.

नंतर भावजी मला काढायला आले. त्यांनी कागद वाचला.

"वहिनी, यातल्या खऱ्या सह्या किती?"

"पहिली."

त्यांनी तो कागद सोलून खिशात घातला. मग म्हणाले, "दादाला सांगू नका."

"कालच सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी."

मित्रांनो, वहिनींना बोल लावण्याआधी मला लावा. माझ्यावर विश्वास टाकला, हाच त्यांचा गुन्हा. तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. भरदिवसा, सगळं ठीक चाललेलं असताना, लोक कुरकुरले तरी चालेल, त्याचा प्लग उपटून बघा. चारचौघांत त्याची फजिती झाली तर होऊ द्या. माझी तशी कुणी वेळेवर केली असती, तर त्या घरात आज आई असती.